शाळेपुढे सुनेनं जीप अडवली

माझा धाकटा पोलिसात आहे आणि त्याची बायकोही. एका घरात दोन वर्द्या. इस्त्री करून हात माझा मोडतो, पण तोराही माझाच. कुणी "साहेबांच्या आई" म्हटलं की मी मुद्दाम हळू चालते, सगळ्यांना नीट दिसावं म्हणून.

सुनेला शाळेपुढच्या रस्त्यावर नेमलं, वेग मोजायचं यंत्र देऊन. तिथं ताशी तीसच्या वर जायचं नाही. आठवडाभर टॅक्सीवाले तिला टोमणे मारत होते, "आम्हाला अडवता बाई, आणि तुमच्या जीपा सुसाट जातात त्या दिसत नाहीत होय?"

एकदा जेवता जेवता ती म्हणाली, "आई, खरंच बोलतात हो ते. माझं कुणी ऐकेनासं झालंय. उद्या एखादं पोर गाडीखाली आलं तर?"

"मग अडव की जीप!" मी म्हटलं. "हातात यंत्र दिलंय का खुळखुळा?"

बोलायला काय जातं! दुसऱ्याच दिवशी लेकाच्या पोलीस जीपमध्ये मीच बसलेली. माझी नवी कवळी तयार होती आणि दातांचा डॉक्टर जेवायला उठायच्या आत पोचायचं होतं. धाकटा म्हणाला, "मी त्याच बाजूला चाललोय, बस." आणि गाडी अशी सोडली की माझे उरलेसुरले दोन दातही हलले.

शाळेपाशी सुनेनं हात आडवा केला. लेकाची तंतरली. घाबरून त्यानं काय करावं? सायरन लावला! आणि मग ब्रेक दाबला. ठाणं मागच्याच गल्लीत. लगेच वायरलेस खरखरला, "सायरन कशाला? काय झालंय? माणसं पाठवू?"

सून खिडकीशी आली. "साहेब, आग कुठे लागलीय?"

"अगं, मी आहे!" लेक म्हणाला.

"दिसतंय. म्हणूनच विचारतेय."

टॅक्सीवाल्यांच्या माना खिडक्यांतून बाहेर आल्या. लेक माझ्या कानाशी कुजबुजला, "आई, चक्कर आली म्हण ना!"

पोटचा गोळा तो. एका शब्दात सुटला असता. पण सुनेनं यंत्र माझ्यासमोर धरलं, आणि "अडव की जीप" म्हणणारी मीच होते. मी लेकाच्या हातातून तो बोलायचा डबा हिसकावला.

"ऐका. मी आई बोलतेय. आग नाही, चोर नाही, मला चक्कर नाही. माझी कवळी बसवायचीय. माणसं कशाला पाठवता, जेवा निवांत!"

पलीकडे अख्खं ठाणं खिदळलं.

सुनेनं पावती फाडली. "तातडीचं काम नसलं तर तीस म्हणजे तीस. वर्दीलाही."

"घरी बोलू आपण," लेक दात खाऊन म्हणाला. त्याला आहेत ना, खाईल.

"घरी जेवायला या. पावती इथंच घ्या."

एक टॅक्सीवाला ओरडला, "मेलो! नवऱ्याला सोडलं नाही, आपली काय कथा!"

आम्ही निघालो ते वरातीच्या चालीनं. एका सायकलवाल्यानंही आम्हाला मागं टाकलं. लेकाचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. मी मागं वळून पाहिलं. टॅक्स्या एकीमागं एक, गोगलगायीसारख्या सरकत होत्या. दोन चिमुरड्या हात धरून रस्ता ओलांडत होत्या, आणि माझी सून रस्त्याच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभी होती.

"पाहिलंस?" मी लेकाला म्हटलं. "पसंत कुणी केली होती?"