पुलाच्या कादंबरीचे म्हणणे

मित्रांनो, पनवेलच्या एका वाचनालयातली मी जुनी कादंबरी आहे. पाठीवरचे माझे नाव केव्हाच उडाले. सगळे मला 'पुलाची कादंबरी' म्हणतात, तेवढी ओळख पुरे.

साठ वर्षांपूर्वी पुण्याच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या माणसाच्या बोटाचा शाईचा ठसा अजून माझ्या एका पानावर आहे. माझी गोष्ट साधी आहे. इंग्रजांच्या काळात एका खाडीवर पूल बांधायचे ठरते. होडीचा मक्ता ज्याच्याकडे असतो, तो हळूच अफवा सोडतो की पुलाच्या पायात पोरांचे बळी देणार आहेत. गाव घाबरते. जमीन मोजायला आलेला मोजणीदार एका मुलाला गुळाचा खडा देतो, आणि पोरे पळवणारा समजून गाव मोजणीदाराला दगडांनी ठेचते. माझ्या मुखपृष्ठावर दगडी कमान आहे आणि कमानीच्या दगडांत एका मुलाचा चेहरा.

सुरुवातीला माझ्यासाठी वाचकांचे नंबर लागत. मग लोक मला विसरले. वीसेक वर्षे मी सर्वांत खालच्या फळीवर झुरळांच्या सोबतीने काढली. तिथून मला उचलले कमळाकर सरांनी.

सर इतिहासाचे निवृत्त शिक्षक. दर रविवारी सकाळी ते दहाबारा जणांना जमवून जुन्या कादंबऱ्या वाचून घेत. सत्ता म्हणजे काय, माणसे हुकूम का मानतात, खोटे कोणाच्या फायद्याचे असते, यावर तासन्‌तास बोलणे चाले. मध्येच सर जुन्या समजुती सांगत. धूमकेतू दिसला की राजा मरतो. देवीची लस टोचली की मूल सरकारजमा होते. सगळे पोट धरून हसत.

"पुस्तकात ज्याने अफवा एकदा पाहिली," सर म्हणत, "तो रस्त्यावर तिला फसणार नाही."

माझ्या वाचनाच्या वेळी शेवटचे प्रकरण आनंदाने वाचले. आनंदा जासई गावचा, आता उलव्यात राहणारा आणि कंटेनर यार्डात क्रेन चालवणारा. मोजणीदार पडतो तिथे तो थांबला. त्याने मला मिटून मांडीवर ठेवले.

"सर, ती मानसं वाईट नव्हती. एक जरी 'थांबा' बोलला असता ना, तर बाकीची थांबली असती."

सरांचे डोळे भरून आले. ग्रंथपाल साबिरा मॅडमनी ते वाक्य फळ्यावर लिहिले. मीही सुखावले. पण एक गोष्ट मला तेव्हा कळायला हवी होती. मला वाचणारा प्रत्येक जण स्वतःला मोजणीदाराच्या जागी ठेवत होता. जमावात कोणालाच आपला चेहरा दिसला नव्हता.

पुढच्या वर्षी सत्यजीत नावाचा तरुण वाचनालयाचा सभासद झाला. तो साताऱ्याकडचा. एका संस्थेसाठी तो उलव्यातल्या बांधकाम मजुरांच्या वस्त्यांमध्ये फिरून शाळेत न जाणाऱ्या मुलांची यादी करत होता. साबिरा मॅडमनी मला त्याच्या हाती दिले.

"वाचून झाली की रविवारी या. आमच्यात आनंदा म्हणून आहेत, ते तुमची तिकडे ओळख करून देतील."

त्याच आठवड्यात लोकांच्या मोबाइलवर एक आवाज फिरू लागला. नव्या पुलाच्या खांबांसाठी पोरे पळवणारी टोळी आली आहे, असे तो सांगत होता. माझ्या गोष्टीत निदान एक मक्तेदार होता. हा आवाज कोणाचा, कोणाच्या फायद्याचा, ते आजवर कळलेले नाही.

मंगळवारी दुपारी सत्यजीत एका झोपडीसमोर बसून मुलांची नावे आणि वये लिहीत होता. एक बाई ओरडली. बघता बघता शंभरेक माणसे जमली. कोणीतरी त्याची पिशवी उपडी केली. आतून मुलांची यादी निघाली, आणि मी निघाले.

"ह्ये बगा! पुलाचा चित्र हाय! पोरगा दगडात चिनलाय!"

"अहो, ती कादंबरी आहे! वाचनालयाची! आतला शिक्का तरी बघा!" सत्यजीत जीव तोडून सांगत होता.

कोणी मला उघडले नाही. इतक्यात आनंदा धावत आला. त्याची सहा वर्षांची मुलगी कोमल जवळच्याच शाळेत होती. आवाज त्याच्याही मोबाइलवर आला होता. हातोहात मी त्याच्यापर्यंत पोहोचले.

त्याने मला उघडले. शिक्का पाहिला. मला ती बोटे लगेच ओळखू आली, आणि त्यानेही मला ओळखले.

त्याचा चेहरा पाहून सत्यजीतला आशा वाटली. "दादा, तुम्ही वाचलीय ना ही? सांगा ना यांना!"

"काय रं आनंदा? काय लिवलंय?" मागून कोणीतरी विचारले.

मित्रांनो, ते सगळे त्याच्या एका शब्दासाठी थांबले होते. आनंदाने मला मिटले.

"मला नाय म्हाईत," तो म्हणाला.

मी मातीत पडले. त्यानंतरचे मी फक्त ऐकले.

सत्यजीत जगला, पण त्याचा एक डोळा गेला. त्याचे वडील येऊन त्याला घेऊन गेले. चौकशीत शंभर माणसांपैकी कोणीच काही पाहिलेले नव्हते. कोणाचेही मूल हरवलेले नव्हते. आतला शिक्का पाहून पोलिसांनी मला वाचनालयात परत पाठवले.

रविवारी आनंदा वाचनालयात आला आणि सरांसमोर उभा राहिला.

"सर, शिक्का मी बगितला. पन मनात आला, एक टक्का खरा असला तर? माझी कोमल तिथंच होती. आनि बोललो असतो तर त्यांनी मलाबी धरला असता."

"आता पोलिसांना तरी सांगाल?" साबिरा मॅडमनी विचारले.

"आमाला हितंच ऱ्हायचाय, मॅडम."

तो गेल्यावर सर म्हणाले, "साबिरा, धूमकेतूला घाबरणाऱ्यांना मी आयुष्यभर हसलो. पुस्तक वाचून माणूस बदलतो, ही समजूत मात्र मी शिकवत राहिलो. तीही त्यातलीच निघाली."

रविवारची बैठक त्या दिवशी बंद झाली. सर आता वाचनालयात येत नाहीत. पुन्हा काही भानगड नको म्हणून कार्यकारिणीने मला लोखंडी कपाटात कुलूप लावून ठेवले आहे.

मित्रांनो, पुस्तके जपा, असे सांगायला मी बसलेली नाही. मला वाळवी खाईल, खाऊ दे. एवढेच मागते की गर्दीत उभे असताना तुम्हाला खरे ठाऊक असेल, तर ते तेव्हाच बोला. घटकाभराने तेच खरे कोणाच्याच उपयोगाचे राहत नाही.

तुम्ही मान डोलावत असाल. वाचताना सगळेच डोलावतात.