उमाजींची भूक

हिंदी मुलखातल्या हजिऱ्याच्या बाजारात उमाजी महाडिकांचं टेंट हाऊस होतं, पण लोक त्यांना ओळखायचे ते त्यांच्या खाण्यावरून. ज्या लग्नात मांडव त्यांचा, तिथे हलवाई कढईतली पहिली कचोरी त्यांच्यापुढे ठेवायचा. "भाईसाहब ने खा ली, मतलब पास," म्हणायचा. पूर्वजांनी रणं गाजवली, आपण पंगती गाजवतो, असं उमाजी स्वतःच हसत सांगत.

मग बिर्ला नगरच्या घराचा जिना चढताना त्यांना धाप लागायला लागली. अर्ध्यावर थांबून कठडा धरावा लागे. साखर वाढलेली, हृदय थकलेलं. इंदूरला नोकरी करणारी त्यांची मुलगी स्मृती मुद्दाम येऊन त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा पोटात टोचायचं इंजेक्शन लिहून दिलं. "इससे भूख ही कम लगेगी," म्हणाले.

उमाजी मनातल्या मनात हसले. आपली भूक मारणारं औषध अजून जन्माला यायचंय, असं त्यांना वाटलं.

स्वतःला सुई टोचायला मात्र त्यांचा हात धजेना. ते काम सुधाताईंकडे आलं. दर रविवारी आंघोळ झाली की उमाजी बनियन वर करून पलंगावर बसत आणि ज्या बायकोनं जन्मभर त्यांना आग्रह करकरून वाढलं, ती मान वळवून त्यांच्या पोटात सुई टोचत असे.

पहिल्या आठवड्यांत नुसतं मळमळायचं. मग डोस वाढला आणि भूक अशी गेली की ती कधी होती, हेच त्यांना आठवेना. दुपार व्हायची, टळायची. पोटाला पत्ता नसायचा. हलवायानं कचोरी पुढे केली की उमाजी तिचा कोपरा मोडत आणि "बढ़िया है" म्हणत. पुढे पुढे तो विचारेनासा झाला. पँट ढिली झाली, जिना सोपा झाला. भेटेल तो म्हणायचा, "क्या बात है, जवान हो गए!" उमाजी मान हलवायचे. जवान झाल्यासारखं त्यांना काहीच वाटत नव्हतं.

दसऱ्याला सुधाताईंनी मटण केलं. सकाळपासून वाटण, मंद आचेवर रस्सा, बाजरीच्या भाकरी. उमाजी ताटावर बसले. वास ओळखीचा होता, पण आतून हाक येईना. दोन घास गिळले. तिसरा तोंडातच फिरत राहिला.

"मीठ कमी झालंय का हो?" सुधाताईंनी विचारलं.

"छान झालंय."

"मग खा ना."

"जात नाही गं."

सुधाताई ताट उचलून आत गेल्या. बऱ्याच वेळानं उमाजी पाणी प्यायला उठले, तर त्या ओट्यापाशी उभ्या होत्या, पातेल्यावर झाकण ठेवायचंही विसरून.

"मी आता करू तरी कुणासाठी?" त्या म्हणाल्या.

पुढच्या रविवारी उमाजींनी बनियन वर केलंच नाही. "राहू दे," म्हणाले. सुधाताईंनी आग्रह केला नाही. स्मृतीला दोघांनीही कळवलं नाही.

काही आठवड्यांनी भूक परत आली, ती कर्ज वसूल करायला आल्यासारखी. सकाळी डाळ भरलेली बेडई-पुरी, दुपारी कचोऱ्या, संध्याकाळी घरचं साग्रसंगीत जेवण. तरी पोट भरल्याचं कळेना. आधी चव लागली म्हणून उमाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. मग हात थांबेना म्हणून ते घाबरले. पूर्वी ते हौसेनं खात. आता कुणीतरी आतून खायला लावत होतं. सुधाताईही वाढता वाढता थबकायला लागल्या. मकरसंक्रांत सरली आणि जिन्यावर ते पुन्हा थांबले. तोंड उघडं टाकून, घामेजून, कठडा धरून.

स्मृतीला फोनवर त्यांचा श्वास ऐकू आला. "बाबा, दवा छोड़ दी ना? खरं सांगा."

उमाजी पुन्हा डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "बंद करेंगे तो वज़न लौटेगा ही."

"कब तक लेनी पड़ेगी?" उमाजींनी विचारलं.

"अभी तो चलने दीजिए. हो सकता है, हमेशा."

रविवारी उमाजी पलंगावर बसले. सुधाताई सुईची टोपी काढून उभ्या राहिल्या.

"देऊ?" त्यांनी विचारलं. "नाही दिलं तर त्या जिन्यावर तुम्हाला बघवत नाही. दिलं तर ताटावर बघवत नाही. तुम्हीच सांगा."

 उमाजींनी बनियन वर केलं.

सुई टोचून सुधाताई आत गेल्या आणि त्यांनी दोघांपुरती खिचडी टाकली. त्यातली बरीचशी उरणार, हे दोघांनाही माहीत होतं.