अकरा वर्षांची ओळ

बाजार सलग नवव्या दिवशी कोसळला, त्या दुपारी छापखान्यात कुणी डबाच उघडला नाही. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस जण बाइंडिंगच्या लांब टेबलाभोवती गोळा झाले. कामगारांच्या निवृत्ती निधीतला मोठा वाटा शेअर्समध्ये होता, आणि दीड महिन्यात त्याची एक तृतीयांश किंमत उडाली होती. विकायचं तर तीनच्या आत दलालाला कळवायला हवं होतं. घड्याळात पावणेदोन वाजले होते.

निधीचं काम मुद्रितं तपासणाऱ्या ताईंकडे होतं. सगळेच त्यांना ताई म्हणत. फक्त बाइंडिंगचा मुख्य कारागीर, त्यांचा सख्खा थोरला भाऊ, अजून ‘छोटे’ म्हणायचा. तो आठ महिन्यांनी निवृत्त होणार होता. ताईंची एकोणीस वर्षं बाकी होती.

ताईंनी गोदामातले जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे उपसून शेहेचाळीस वर्षांचे बाजाराचे आकडे काढले होते. त्यांचा तक्ता भिंतीवर चिकटवून त्या बोलायला लागल्या.

“असे मोठे फटके आधी आठ वेळा बसलेत. दर वेळी लोकांना वाटलं, आता सगळं संपलं. दर वेळी बाजार सावरला. खड्डा भरून यायला सरासरी पावणेतीन वर्षं लागली. आज विकलं, तर तोटा कायमचा पदरात पडेल.”

“सरासरीचं कौतुक नको,” मशीनवाला म्हणाला. त्याच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता. “सरासरी काढली तर मला आणि तुम्हाला मिळून एक वेणी आहे.”

दोघंतिघं हसले, पण हसू लगेच विरलं. “विकून मोकळे व्हा!” मागून कुणी ओरडलं. “उरलंसुरलंही जाईल!”

भाऊ तक्त्याजवळ गेला, बोट फिरवत सगळा वाचला आणि वळला.

“छोटे, सरासरी कळली. सगळ्यात वाईट फटका भरून यायला किती वर्षं लागली?”

तक्ता करताना त्या फटक्याची ओळ ताईंनी दोनदा लिहून दोनदा खोडली होती. लोक बिथरतील, हे कारण खरंच होतं. पण सगळ्यांनी पडत्या भावात विकलं तर आपलंही नुकसान होईल, हेही मनात होतं. ‘त्या वर्षाचे अंक सापडले नाहीत’ असं सांगणं सोपं होतं.

“अकरा,” त्या म्हणाल्या. “सात वेळा दोन वर्षांच्या आत भरलं. एकदा अकरा वर्षं लागली.”

खोलीत एकच गलका उठला. भावाचा आवाज चढला नाही, तेच ताईंना जास्त लागलं.

“दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेतेस, आणि स्वतःची ओळ गाळतेस? अकरा वर्षं मी काय वारा खाऊन राहू?”

ताईंनी मान खाली घातली, मग पेन घेऊन सगळ्यांसमोर ती ओळ तक्त्यात लिहिली.

“चुकलं माझं. आता पुरतं ऐका. या शेहेचाळीस वर्षांत कुठलीही पंधरा वर्षं सलग धरली, तर तोटा एकदाही झालेला नाही. पुढेही तसंच होईल, असं मी लिहून देणार नाही. पण ज्यांच्या हाताशी पंधरा-वीस वर्षं आहेत त्यांनी थांबावं. ज्यांची पाच वर्षंही उरली नाहीत, त्यांनी हा तक्ता बघूच नये. त्यांचा वाटा आज काढू. तोटा सोसून.”

वादावादीत आणखी अर्धा तास गेला. शेवटी हात वर झाले. सहा जणांचा वाटा विकायचा, बाकीच्यांचा राहू द्यायचा. दोन चाळीसला ताईंनी दलालाला फोन लावला. लाइन व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. भाऊ शेजारी उभा राहून घड्याळ बघत होता. दोन चोपन्नला पलीकडून ‘बोला’ ऐकू आलं.

बाजार त्यानंतरही चार महिने घसरतच राहिला. थांबलेले लोक ताईंना समोरून येताना पाहून वाट बदलायचे. मशीनवाल्याने एकदा तोंडावर सांगितलं, “तुम्ही आमच्या गळ्यात धोंडा बांधलात.” ताई दिवसभर मुद्रितं तपासायच्या आणि अक्षरं डोळ्यांपुढे नाचायची. पाचव्या महिन्यात घसरण थांबली. दोन वर्षांनी सगळा खड्डा भरला.

तोवर भाऊ निवृत्त झाला होता. एका दुपारी तो बहिणीच्या घरी आला आणि बसायच्या आधीच म्हणाला, “मी थांबलो असतो तर आज किती झाले असते?”

ताईंनी आकडा सांगितला. लहान नव्हता.

“त्या दिवशी तुला हे माहीत होतं?”

“नाही, दादा.”

“मग झालं तर,” तो म्हणाला, पण चेहरा उतरलेलाच होता. चहा त्याने अर्धाच घेतला. निघताना चपला घालता घालता म्हणाला, “अकरा सांगितलं नसतंस ना, तर आज माझा फायदा झाला असता. पण तुझ्याशी बोललो नसतो मी.”