गुहेतलं घोरणं

...पाण्यानं अर्धी भरलेली रबरी पिशवी, थंडीत पोटाशी घेऊन झोपतात तसली, टबातल्या पाण्यावर सपाट हाणली की नदीत धरणं बांधणारा तो बीव्हर शेपटी आपटतो — फट्! — अगदी हुबेहूब. आणि लेस्टर प्रुइट, पन्नाशी उलटलेला, बाह्या वर, मिशा ओल्या, पडद्यावरच्या मुक्या बीव्हरकडे बघत ती पुन्हा हाणतो, गरज नसताना, निव्वळ शेजारी काम करणाऱ्या मायलोच्या चष्म्यावर पाणी उडावं म्हणून.

"माकडा!" मायलो चष्मा पुसतो. "हस, हस. आज तुझी वर्ना ऐकणार आहे."

"आख्खा देश ऐकणार आहे."

"देश तुझ्या पलंगावर झोपत नाही, लेस्टर."

फट्.

जंगलातून येणारी फिल्म मुकीच असते, अस्वलाच्या तोंडापुढे माइक धरायला कोण जाणार! मग सगळं जंगल बर्बँकच्या स्टुडिओतल्या या खोलीत, टबात, पोत्यात, लेस्टरच्या घशात तयार होतं आणि शुक्रवारी संध्याकाळी घराघरांत जातं — एका शुक्रवारी कार्टून, एका शुक्रवारी गलबतं आणि खजिना, एका शुक्रवारी खरे प्राणी. आज काय लागणार हे सुरू होईपर्यंत पोरांना कळत नाही, त्यातच तर गंमत. आज अस्वल आहे. आई-अस्वल, बर्फाखालच्या गुहेत, गाढ झोपलेलं. आणि त्याचं घोरणं... वर्नाचं.

काय सुचलं होतं मला, या लेस्टरला! "दुरुस्तीला आणलाय" म्हणून टेपरेकॉर्डर घरी नेला, पलंगाखाली सरकवला, आणि उशीत तोंड खुपसून हसत पडलो. इथं येऊन टेप जरा सावकाश फिरवली, झालं अस्वल. फक्त प्रत्येक श्वासाच्या शेवटी एक बारीक शिटी येते, आणि मग एक 'प्च', झोपेत कुणाचा तरी मुका घेतल्यासारखा. मायलो म्हणाला, हे काप, अस्वल असं करत नाही. कात्री हातात घेतली होती. नाही कापवलं.

वर्ना घोरत नाही. असं वर्ना म्हणते, लग्न झाल्यापासून. पण पोरगा कॉलेजला गेला, मागची खोली रिकामी झाली, तेव्हा चादरीची घडी घालता घालता ती म्हणाली होती, "खरं सांग. मी घोरत असेन तर मी तिकडे झोपते. तुझी तरी झोप होईल." कान लाल झाले होते तिचे. ती गंमत करत नव्हती. आणि हा गडी दात काढत म्हणाला होता, छे, तू कुठली घोरतेस...

गाडी चालवताना हे सगळं एकदम आठवतं, आणि सिग्नल हिरवा झाला तरी तो तसाच. मागचा हॉर्न वाजवतो. वर्ना बहिणीकडे फ्रेस्नोला गेली होती तो आठवडा — फ्रिजचा आवाज ऐकत पडलेला तो, डोळे टक्क उघडे. म्हणजे आज तिनं स्वतःचं घोरणं ओळखलं की गेली ती मागच्या खोलीत, आणि तिच्याबरोबर याची झोपही. अरे लेका, दुसऱ्यांच्या खुर्च्यांना खळ लावता लावता आज स्वतःच बसलास की!

पण हसूही येतंय. घरात शिरतानाही येतंय.

शेजारचा डेल्बर्ट दोन्ही मुलींना घेऊन आलेला, त्यांचा टीव्ही बिघडलाय. मांडीवर गरम ताटल्या, टर्कीच्या मांसाचे तुकडे, वाटाणे. संगीत वाजतं. "अस्वल! अस्वल!" मुली किंचाळतात. बर्फ, बर्फ, मग अंधारी गुहा... आणि येतं ते. घर्रर्र... शिटी... प्च.

मुली गालिच्यावर लोळतात. "ही तर माझी सासू!" डेल्बर्ट वाटाणे सांडतो.

लेस्टर समोर बघतच नाही. तो वर्नाकडे बघतोय. ती हसत नाही. काटा हवेत, मान थोडी कलती, ऐकतेय.

"किती निवांत झोपलीय," ती म्हणते.

"एकटीच आहे बिचारी," धाकटी मुलगी म्हणते.

"एकटी? छे गं. एकटं असलं की इतकी गाढ झोप लागते होय!" आणि काटा टर्कीत. "लेस्टर, तुझं गार होतंय."

ओळखलं? की नाही ओळखलं? तिच्या चेहऱ्यावर नुसता टीव्हीचा निळा उजेड, त्यात काही म्हणजे काही वाचता येत नाही. विचारावं, तर सांगितल्यासारखंच. न विचारावं, तर... आजवर ज्यांच्या ज्यांच्या खोड्या काढल्या त्यांच्या पोटात हेच होत असणार, हे असं गुदगुल्यांसारखं, वर जाऊ की खाली येऊ असं. आणि आपल्याला वाटायचं मजा फक्त आपल्यालाच येते! मी वाटाणे चावतोय, हसू दाबतोय, आणि खोडी मी तिची काढली की तिनं माझी, तेच कळेना — आणि कळायची घाईसुद्धा नाही.