उपाशी का?

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात पूर्वी सगळ्यांची एकच रांग असायची. खोकलावाला पुढे, शुगरवाला मागे. उपाशीपोटी आलेली म्हातारी माणसं दुपारपर्यंत भिंतीला टेकून डोळे पांढरे करायची. रेवती सिस्टर डॉक्टरांच्या मागे हात धुऊन लागली आणि शुगरची रांग वेगळी करून घेतली. तिथे प्रश्न एकच. उपाशी का? हो म्हटलं की बोटाला सुई. गप्पा बंद, रांग भराभर. वरचे साहेब खूश झाले आणि आता एकीवर भागतं म्हणून दुसऱ्या सिस्टरला त्यांनी भलत्याच दवाखान्यात पाठवलं. सरकारी कौतुक हे असं असतं.

आता रेवती एकटीच सुया टोचते, आणि घरी गेल्यावर तिला स्वतःच्या चपला काढायचाही कंटाळा येतो.

त्या गुरुवारी वच्छलाबाई आल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चुलीवरचा तवा दिसत नसल्याने बोटं इतकी पोळलेली, की सुई टोचायला जागा शोधावी लागली. शुगर ठीक निघाली तर त्या दवाखान्याच्या दहाच्या गाडीने ऑपरेशनला खामगावला जाणार होत्या.

"उपाशी का मावशी?"

"हाव बाई."

शुगर भलतीच वाढलेली निघाली. डॉक्टरांनी नाही म्हटलं. गाडी बाकीच्यांना घेऊन गेली.

रेवती चहाला उठली तेव्हा वच्छलाबाई बाकावर डबा उघडून बसल्या होत्या. डब्यात बटाटा घातलेली साबुदाण्याची उसळ होती. ही कधीची, असं तिने विचारलं.

"सकाळचीच व. थोडी खाऊन आली, उरली ते आणली. चहाबी पेली. महाराजाच्या उपासाले चालते ना? मी त दर गुरुवारी धरतो. तुमीच सांगतलं, गुरुवारी उपाशी ये म्हणून."

रेवती त्यांच्याशेजारी बाकावर बसली. रांग हळू चालायची तेव्हा ती प्रत्येकाला विचारायची, सकाळपासून पोटात काय काय गेलं? तोच प्रश्न तिने वेळखाऊ म्हणून काढून टाकला होता. तिला स्वतःचा राग आला, आणि रागवायलाही अंगात त्राण नव्हतं.

पुढची गाडी महिन्याने, हे तिने सांगितलं. त्या दिवशी उपास असला तरी काहीच खायचं नाही, चहासुद्धा नाही, हेही सांगितलं. वच्छलाबाईंनी मान डोलावली. महिनाभर तवा आहेच, म्हणून रेवतीने मलम आणलं आणि त्यांच्या एकेका बोटाला लावू लागली. तिकडे रांगेतून हाका सुरू झाल्या. ती उठली नाही.

"मनाले लावून घेऊ नका बाई," वच्छलाबाई म्हणाल्या. "आज नंबर किती लवकर लागला माहा."