झबल्यातला नारळ

नारळ खरं तर सुगंधाच्या बॅगेतून जायचा होता. नानांनी विमानतळावर तो तिच्याच हातात दिला होता. पण चकल्या, मेतकूट, दोन स्वेटर आणि सासूने कोंबलेली लोणच्याची बरणी घेऊन तिची बॅग आधीच फुटायच्या बेताला आली होती. "कमल, तुझी अर्धी रिकामीच आहे गं. टाक ना आत," ती म्हणाली. मी टाकला. आत गडगडू नये म्हणून उप्पूच्या झबल्यात गुंडाळला.

ते झबलं मी मुद्दाम घेतलं होतं, न धुतलेलं. उप्पू म्हणजे माझी उत्पला तेव्हा पावणेदोन वर्षांची होती आणि मी बारा दिवस तिला सासूबाईंकडे दिंडोशीला ठेवून चालले होते. झबल्याला तिच्या मानेचा वास होता, पावडर आणि आंबट दूध. कोणी बघत नसताना नाकाला लावायचं, एवढाच बेत.

गोष्ट शहाऐंशीच्या दिवाळीच्या सुट्टीतली. एका मैत्री मंडळातर्फे मुंबईतले आठ शिक्षक चीनला जाणार होते. त्यात आमच्या कांदिवलीच्या शाळेतले तिघे होते: मुख्याध्यापक नाना परब, मराठी शिकवणारी सुगंधा आणि मी. मी कायमसुद्धा नव्हते, काही वर्षं कोणा ना कोणा बाईंच्या रजेच्या जागेवर होते. पण एक तरी शिक्षिका बौद्ध समाजातली हवी असं मंडळाचं म्हणणं पडलं आणि नानांनी माझं नाव दिलं. हे ते कोणालाही सांगत. शिपाई चहा घेऊन आला तरी, "आमच्या कमलबाईंना नेतोय हां चीनला!" मीही मान हलवून हसायचे. जूनमध्ये मला कायम करायचं त्यांच्याच हातात होतं, म्हणून हसायचे असं नाही. मला ते खरंच चांगले वाटायचे. माझ्या बाळंतपणात त्यांनी एकही प्रश्न न विचारता रजा वाढवून दिली होती.

तर नारळ. नाना देवगडकडचे. परक्या मुलखात पहिलं जे देऊळ लागेल तिथे गाऱ्हाणं घालून नारळ फोडायचा, असं त्यांनी घरी कबूल केलं होतं. पेकिंगच्या विमानतळावर एका तरुण अधिकाऱ्याने माझी बॅग उघडली, झबलं बाजूला केलं आणि नारळाकडे बघत राहिला. बोटाने टकटक केली. कानाशी नेऊन हलवला. आत पाणी खळखळल्यावर त्याने दुसऱ्या अधिकाऱ्याला बोलावलं.

"अगो, बाँब वाटलो की काय तेका!" सुगंधा मागून कुजबुजली. मी हाताने फोडायची खूण केली, मग खायची. दोघे हसले आणि नारळ सुटला.

पण देऊळ काही लागेना. आम्हाला कारखाने दाखवले, शेतं दाखवली, बालवाड्या दाखवल्या. बालवाड्यांमध्ये माझे डोळे भरून यायचे. आमच्याबरोबर श्याओ लिन नावाची दुभाषी मुलगी होती. तिची हिंदी रेडिओवरच्या बातम्यांसारखी शुद्ध. "कृपया अपना स्थान ग्रहण कीजिए" म्हणाली की आम्ही मुंबईकर एकमेकांची तोंडं बघायचो. तिच्या खांद्याला कायम एक फुलाफुलांचा थर्मास असे, गरम पाण्याचा. ती सगळ्यांना पाणी द्यायची. एकाच झाकणातून आम्ही आठही जण प्यायलो होतो, नानासुद्धा. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

दहाव्या दिवशी नानजिंगला कार्यक्रमपत्रिकेत एकदाचं लिहिलेलं दिसलं: कन्फ्यूशियसचं मंदिर.

जुनं देऊळ युद्धात जळालं होतं आणि नुकतंच पुन्हा बांधलेलं होतं. खांबांच्या रंगाचा वास अजून गेला नव्हता. वर टोकं वळवलेली छपरं, समोर मोठं दगडी अंगण, पलीकडे नदी. गुडघ्याएवढ्या उंबऱ्यापाशी आम्ही आठही जणांनी एकदम बूट काढले. त्या थंडीत! अंगणातले लोक आमच्या मोज्यांकडे बघून हसायला लागले. श्याओ लिन घाईघाईने म्हणाली, "इसकी आवश्यकता नहीं है. ये देवता नहीं हैं, ये शिक्षक थे."

"शिक्षक?" नाना खूष झाले. "मग आपलेच! गुरू म्हणजे देवच. काढा नारळ."

सुगंधाने माझ्याकडे बघितलं. मी बॅग उघडली, झबलं सोडलं आणि नारळ नानांपुढे धरला.

त्यांनी हात पुढे केला आणि मध्येच थांबवला.

"हा तुमच्याकडे होता?"

"हो. सुगंधाच्या बॅगेत मावला नाही."

"दहा दिवस?"

"हो."

त्यांनी झबल्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हसतील. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. अगदी हळू, सभ्यपणे, परीक्षेच्या हॉलमध्ये बोलावं तसं म्हणाले, "काही नाही, काही नाही. आपण जरा शुद्ध करून घेऊ. देवाचं काम आहे." आणि श्याओ लिनकडे वळून त्यांनी तिचा थर्मास मागितला.

मला नारळ खाली पायरीवर ठेवायला सांगितला. मी झबल्यासकटच ठेवला. त्यांनी बूच काढलं आणि त्यावर गरम पाणी ओतलं. एकदा, दोनदा, तीनदा. थंडीत वाफ वर आली. बाकीचे बघत होते. सुगंधा छपराची टोकं बघत होती.

"क्या यह भी पूजा की विधि है?" श्याओ लिनने वही काढली. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, बिचारीला.

उत्तर मीच दिलं. "जी हाँ. हमारे यहाँ की बहुत पुरानी विधि है."

तिने ते लिहून घेतलं.

मग नानांनी नारळ उचलला आणि गाऱ्हाणं सुरू केलं. "बा कन्फ्यूशियस म्हाराजा! आज ही मुंबईची लेकरां समुद्र ओलांडून तुझ्या दाराक इली हत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बाकीचे ओरडले.

"काय चुकलामाकला आसात तर पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"सगळ्यांका सारख्या नजरेन बघ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

नारळ पायरीवर फुटला, पाणी उडालं, झाडू घेतलेला एक रखवालदार धावत आला. त्याची समजूत घातली गेली. खोबऱ्याचे तुकडे वाटले. मला सगळ्यात मोठा तुकडा मिळाला. नानांनी तो हसून दिला आणि त्या हसण्याने मला वाफेपेक्षा जास्त चटका बसला. मी तो श्याओ लिनला दिला. ती कुरकुर आवाज करत चवीने खात राहिली.

आत गाभाऱ्यात मूर्ती नव्हती. लाकडाची एक उभी पाटी, तिच्यावर नाव. जवळच जुन्या परीक्षांच्या खोल्या होत्या. खोल्या कसल्या, कोनाडेच. हजारो मुलं तिथे दिवसच्या दिवस बसून पेपर लिहायची. श्याओ लिन सांगत होती की मुलगा काळ्या शाईने लिहायचा, त्याचं नाव चिकटवून झाकायचे, मग कारकून ते उत्तर शब्द न् शब्द लाल शाईने उतरवून काढायचा. तपासणाऱ्यापुढे फक्त ती लाल प्रत जायची. म्हणजे कोणाचा मुलगा, कुठला, हे त्याला अक्षरावरूनही कळू नये.

माझ्या अंगावर काटा आला. केवढा विचार केला होता त्या लोकांनी!

"आणि मुली?" मी विचारलं.

"नहीं. लड़कियाँ नहीं." ती थोडी ओशाळली. "और अभिनेताओं के, नौका चलाने वालों के बच्चे भी नहीं."

म्हणजे इथेही दार होतंच. नाव झाकायचे, पण आधी दारात विचारून घ्यायचे. मी त्या कोनाड्यात उभी राहून झबलं नाकाशी धरलं. ओलं झालं होतं. वाफेचा आणि नारळाच्या शेंड्यांचा वास येत होता. माझ्या लेकीचा वास गेला होता. त्यांनी काय धुतलं, ते मला तेव्हा कळलं.

आणि मी गप्प राहिले. विमानात, विमानतळावर, आरेतून जाणाऱ्या बसमध्ये, गप्प. घरी मात्र सगळं सांगितलं. नवरा राजाराम दूध केंद्रावरून आला होता. तो उठून खिडकीपाशी गेला. सासूबाई उप्पूला भात भरवत होत्या. त्यांचा हातही थांबला नाही. म्हणाल्या, "गावाकडं आमच्या ओंजळीत वरनं पाणी ओतायचे. आता नारळावर ओतलं. तेवढीच सुधारणा म्हणायची."

जानेवारीत शाळेचा रौप्यमहोत्सव होता. स्मरणिकेत चीनच्या प्रवासावर लेख हवा होता आणि नानांनी तो मला सांगितला. "तुमची भाषा छान आहे. तुमच्या नावाने छापू." उप्पू दुपारी झोपली की मिळणाऱ्या तासाभरात मी आठवडाभर लिहिलं. परीक्षेचे कोनाडे लिहिले, लाल प्रत लिहिली आणि थर्मासही लिहिला. चारच ओळी. विशेषण एकही नाही.

नानांनी मला ऑफिसात बोलावलं.

"लेख झकास आहे. फक्त ह्या चार ओळी काढा."

"का सर?"

"अहो, मुलांच्या हातात जाणार. गैरसमज होतो. मी तुमच्या भावना दुखवायला केलं का ते? मनात तरी होतं का माझ्या? देवाचं होतं म्हणून केलं. ते लहान मुलाचं कापड होतं, शू-शी होते, एवढंच."

"सर, ते कापड नंतर दिसलं तुम्हाला. आधी तुम्ही विचारलंत, 'तुमच्याकडे होता?'"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कमलबाई, जूनमध्ये तुमचा कायम व्हायचा कागद माझ्या टेबलावर येणार आहे. मी तो अडवणारा माणूस नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पण तुम्हीही समजून घ्यायला हवं."

सुगंधा स्टाफरूममध्ये म्हणाली, "सोड ना गं. चार ओळींसाठी नोकरीची वाट लावून घेशील. वेडी आहेस का?"

मी लेख परत घेतला. चार ओळींशिवाय तो माझा नव्हता.

स्मरणिका छापून आली. त्यात चीनवर लेख होता, नानांचा. मी उभ्याउभ्याच वाचला. 'कन्फ्यूशियसच्या मंदिरात श्रीफळास उष्णोदकाने त्रिवार स्नान घालण्याचा आपला प्राचीन विधी पाहून चिनी दुभाषी भगिनी भारावून गेली व तिने तो वहीत टिपून घेतला.'

आपला प्राचीन विधी! मी तिला जे जिभेवर निखारा ठेवून सांगितलं होतं, ते यांनी फूल समजून टोपीत खोवलं होतं.

समारंभाला मंडप भरला होता. सासूबाईंना बरं नव्हतं म्हणून उप्पू माझ्या कडेवर होती. नानांनी भाषणात चीन सांगितला, बूट सांगितले, लोक हसले. मग उष्णोदक सांगितलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. "साक्षीला आमच्या कमलबाई होत्या. या, बाई, दोन शब्द सांगा!"

मी गेले. उप्पूला खाली ठेवायला जागा नव्हती, तिच्यासकट गेले. खांद्यावरच्या पिशवीत ते झबलं होतं. तोवर ते तिला होत नव्हतं, तोंड पुसायला ठेवायचे. मी ते काढून माईकसमोर धरलं.

"नारळ ह्यात होता," मी म्हटलं. "माझ्या लेकीच्या झबल्यात. दहा दिवस मी तो जपून नेला. नानांना कळलं की तो माझ्याकडे होता, तेव्हा त्यांनी तो गरम पाण्याने तीनदा धुतला. तो विधी नव्हता. दुभाषी मुलीला विधी म्हणून मीच सांगितलं, कारण खरं सांगायची मला लाज वाटली. लाज मला वाटायला नको होती."

मागून एक पालक म्हणाले, "बाई, आजच्या दिवशी हे कशाला?" दुसरं कोणीतरी त्यांना म्हणालं, "थांब रे, बोलू दे."

तेवढ्यात पहिल्या रांगेत खुर्ची सरकली. सुगंधा उभी होती, चेहरा पांढराफटक. "नारळ मी दिला होता कमलकडे," ती म्हणाली. "आणि मी बघत होते." ती खाली बसली. तिच्यावर मी दोन महिने रागावले होते. अजूनही थोडी आहे.

उप्पूने झबल्याला हात घातला. "माझं," ती म्हणाली. माईकमधून सगळ्यांना ऐकू गेलं. मी ते तिला दिलं आणि खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी नाना मला जिन्यात भेटले. रात्रभर झोपले नसावेत.

"असं भर सभेत बोलण्याआधी, कमलबाई, तुम्ही मला एकदा विचारायचं होतंत."

"तुम्ही बूच काढण्याआधी मला विचारलं होतंत, सर?"

कठड्यावरचा त्यांचा हात मी बघत होते. नारळ घ्यायला पुढे आलेला आणि मध्येच थांबलेला तोच हात. जूनला अजून पाच महिने होते. घंटा झाली, आणि मी पाचवी 'ब'च्या वर्गाकडे वळले.