नळाजवळचा वड

ज्येष्ठातल्या भर दुपारी गिरजाबाई अंगणातल्या नळावर पाय धुऊन आत येत, तेव्हा फरशीवर उमटलेली त्यांची ओली पावले मोरीशी पोचायच्या आत वाळून जात. नागपूरचे ऊन माणसाच्या खुणाही फार वेळ टिकू देत नाही. आमच्या कॉलनीत चार घरची भांडी करणाऱ्या या उंच, काटक बाई चालताना भिंतीकडेची हातभर सावली धरून चालत आणि ती संपली की पदर कपाळावर ओढून क्षणभर थांबत.

आम्हाला सावलीची ददात नव्हती. कॉलनीच्या बागेत जुना, विस्तीर्ण वड होता. फाटकावर पहारेकरी होता आणि आत जायला रहिवाशांचे पास. जरीपटका भागामागच्या गिरजाबाईंच्या वस्तीत मात्र झाड म्हणावे असे काही नव्हते. वटपौर्णिमेला तिथल्या बायका बाजारातून वडाची फांदी आणत, पाटावर ठेवून तिला सूत गुंडाळत आणि दुसऱ्या दिवशी पाण्यात सोडत. आयुष्य मागण्यासाठी आधी झाड तोडायचे, हा उफराटा प्रकार कुणाला खटकत नसे. एका वर्षी गिरजाबाईंनी आपली फांदी सोडली नाही. सार्वजनिक नळाचे सांडपाणी जिथे मुरते, तिथे ती खोचून दिली. शेजारणी हसल्या. पण जाड फांदीला ओल मिळाली की वड मूळ धरतो, हे पारशिवनीकडच्या शेतकरी घरातून आलेल्या या बाईंना पक्के ठाऊक होते. सात-आठ वर्षांत नळावरची सगळी रांग, कडेवरच्या लेकरांसकट, त्या छायेत उभी राहू लागली.

मग गल्लीत सिमेंटचा रस्ता मंजूर झाला आणि बुंध्यावर तांबडी फुली उमटली. माझी हयात कचेरीत अर्ज लिहिण्यात गेलेली, म्हणून गिरजाबाई माझ्याकडे आल्या. रस्ता फूटभर वळवावा, एवढेच मागायचे होते. उन्हे उतरू द्या, लिहितो, असे मी म्हणालो. त्यांनी आणखी दोनदा, त्याच खालच्या सुरात, आठवण केली. खोटे कशाला बोलू, मला त्यातली निकड जाणवलीच नाही. माझ्या खिडकीत वड होता. चौथ्या दिवशी चांगला दीडपानी, अलंकारिक अर्ज घेऊन मी मोरीशी गेलो. मान वर न करता त्या म्हणाल्या, "सकाळीच पाडला भाऊ."

मला लाज वाटली. ती झाकायला मी म्हणालो की, बागेचा पास काढून देतो, दुपारी घटकाभर वडाखाली बसत जा. त्यांनी हातातले पातेले पालथे घातले.

"मले काय करा लागते सावली? मी त दिवसभर तुमच्याच घरात राहतो. नळावरच्या बायकायले पायजे होती."

त्या आवाजात राग नव्हता. असता, तर मला सोपे गेले असते.

पुढे एकदा मुद्दाम त्या गल्लीत गेलो. सिमेंट तापले होते, नळावर रांग होती. भरल्या घागरी कमरेवर घेऊन निघालेल्या बायका एका मोकळ्या जागेशी येताच नकळत वळसा घेत होत्या, आणि तिथे अडायला आता काहीच नव्हते. काळ झाड नेतो, सावली नेतो. पायांना सांगायचे तेवढे मात्र विसरून जातो.